परसातील शेड आणि पाच फुटांचा हिशेब

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दीड महिना इंदूरला आत्याकडे होतो. जाताना जमाखर्चाची दोन पुस्तके बरोबर नेली होती. ती उघडली गेली नाहीत, परंतु हिशेब मात्र भरपूर शिकलो. आत्याच्या घरामागे एक पत्र्याची शेड उभी राहिली, पाडली गेली आणि पुन्हा उभी राहिली. हा सारा प्रकार जवळून पाहिला, दोन्ही वेळचा खर्च मीच वहीत मांडला. लहान भूखंडावर मागच्या बाजूला चार पत्रे ठोकण्याचा विचार आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कधी ना कधी होतोच. म्हणून हा लेख.

बेळगावात आपण ज्याला परडे म्हणतो आणि कन्नडमध्ये जे हित्तलु, त्याला इंदूरची माणसे सरळ ‘पीछे की जगह’ म्हणतात. ‘हित्तल गिड मद्दल्ल’, म्हणजे परसातले झाड औषधाला चालत नाही, अशी कन्नड म्हण आहे. जवळच्या वस्तूची किंमत नसते असा तिचा अर्थ. आत्याच्या परसाला इतकी वर्षे तशीच किंमत होती. तुटकी बादली, जुनी सायकल आणि एक कढीपत्ता एवढाच तिथला संसार.

आत्याचे यजमान, आम्ही त्यांना मामाच म्हणतो, कापड बाजारातील एका पेढीवर मुनीम होते. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. आता काठी घेऊन घरात फिरतात, पण पेढी सुटली. तेव्हापासून घर चालते ते आत्याच्या फॉल-पिकोवर. दोन मशिने, दोन्ही पुढच्या खोलीत, आणि त्याच खोलीत मामांची खाट. दिवसभर मशिनचा खडखडाट, साड्या घेऊन येणाऱ्या बायकांची ये-जा, आणि मामांना दुपारची झोप डॉक्टरांनी सक्तीची सांगितलेली. मशिने मागे न्यायची हे त्यामुळे ठरले. हौस म्हणून कोणी शेड बांधत नव्हते.

आता जागा पाहू. भूखंड वीस बाय पन्नास फूट, म्हणजे १००० चौरस फूट, मेट्रिक मापात सुमारे ९३ चौरस मीटर. पुढे दहा फूट अंगण, मग तीस फूट खोलीचे घर आणि मागे दहा फूट मोकळे. मंजूर नकाशात मागच्या कुंपणभिंतीपासून पाच फूट जागा कायम उघडी ठेवायची असे दाखविले होते. महाराष्ट्रात याला सामासिक अंतर म्हणतात. इंदूरमध्ये लहानथोर सगळे ‘एमओएस’ म्हणतात, मार्जिनल ओपन स्पेस या शब्दांची आद्याक्षरे. पानवाल्यालासुद्धा एमओएस म्हणजे काय ते ठाऊक असते, पण ते सोडावे असे फारसे कोणाला वाटत नाही. मध्य प्रदेशात हे सारे २०१२ च्या भूमि विकास नियमांत येते. त्यापूर्वी १९८४ चे नियम होते.

वेल्डिंगवाला आला, त्याने टेप लावला आणि दहा बाय आठची शेड सुचविली. मागची कुंपणभिंत आयती आहे, तिलाच टेकवू, एका भिंतीचा खर्च वाचेल, असे त्याचे गणित. मामांनी नकाशाचा विषय काढला तर म्हणाला, “नक्शा कौन देखता है, बाबूजी? नट-बोल्ट का काम है, जब चाहो खोल लो.” आठवड्यात ८० चौरस फुटांची शेड तयार झाली. घर आणि शेड यांच्यामध्ये जेमतेम दोन फुटांची बोळकांडी उरली. आत्या खुश होती. मीही होतो, हे कबूल केले पाहिजे.

या नट-बोल्टच्या मुद्द्यावर थोडे थांबतो, कारण तो आमच्या अभ्यासक्रमातला आहे. १९३० च्या वस्तु-विक्रय कायद्यात ‘माल’ म्हणजे जंगम मालमत्ता. दुकानातला पत्रा हा माल. तोच पत्रा जमिनीत पक्क्या बसविलेल्या खांबांवर कायमचा जडला की, १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमातील व्याख्येप्रमाणे, तो स्थावराकडे झुकू लागतो. बोल्ट काढून नेता येत असेल तर काय, यावर वकील वाद घालू शकतील. पण हा वाद मालकी, विक्री आणि कर यांपुरता. बांधकामाच्या नियमांत ‘इमारत’ या शब्दाची व्याख्या फार रुंद असते. कोणत्याही कामासाठी, कोणत्याही साहित्याने उभारलेली रचना तीत येते. विटा असोत वा पत्रा, मोकळी जागा अडली की अडलीच. वेल्डिंगवाल्याने एका कायद्याचे उत्तर दुसऱ्या कायद्याच्या प्रश्नाला दिले होते आणि आम्ही ते मान्य केले.

जूनच्या मध्यावर पहिला मोठा पाऊस आला. शेडचा उतार मागच्या बाजूला होता आणि पत्रा भिंतीच्या बाहेर चार बोटे डोकावत होता. सगळे पाणी धो धो करून मागच्या काकींच्या अंगणात. त्यांचे घर आमच्या घराला पाठ लावून आहे. तिसऱ्या दिवशी काकी आत्याकडे आल्या. भांडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “वहिनी, माझ्या स्वयंपाकघरात आता दुपारी बारा वाजता दिवा लावावा लागतो. एकदा येऊन बघा.” आत्या गेली नाही. तिला राग आला होता. एवढ्याशा शेडने यांचा काय उजेड जातो, असे तिचे म्हणणे. पुढच्या पंधरवड्यात कचेरीची नोटीस आली. तक्रार काकींनीच केली असे आत्या धरून चालली होती. खरे-खोटे मला माहीत नाही.

काकींकडे मग मी गेलो. त्यांच्या ओट्याजवळ उभा राहिलो आणि गोष्ट ध्यानात आली. त्यांनी आपल्या बाजूला पाच फूट सोडले होते. आमचे पाच आणि त्यांचे पाच मिळून दोन घरांच्या पाठींमध्ये दहा फुटांची हवेची गल्ली असावी, हा नियमामागचा हिशेब. नकाशावर प्रत्येकाला फक्त आपले पाच फूट दिसतात आणि ते वाया गेल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात पाच फूट सोडणाऱ्याला दहा फुटांचा उजेड मिळतो. आम्ही आपले पाच फूट बुजवून त्यांच्या पाच फुटांवर श्वास घेऊ लागलो होतो. खात्यात दुसऱ्याची ठेव आपल्या नावे जमा करावी तसे हे झाले.

शिवाय १८८२ चा सुविधाधिकार कायदा आहे. एखाद्या घराला वीस वर्षे अखंड, उघडपणे आणि विनातक्रार उजेड व हवा मिळत आली असेल तर तो त्याचा हक्क होतो. काकींचे घर तीस वर्षांचे. नकाशा बाजूला ठेवला असता तरी आम्ही अडचणीत होतोच.

पाण्याचाही हिशेब मी मांडला. इंदूरला वर्षाकाठी साधारण ९०० ते १००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. ८० चौरस फूट म्हणजे ७.४ चौरस मीटर. ९०० मिलिमीटर धरला तरी या पत्र्यावरून वर्षाला सुमारे ६७०० लिटर पाणी उतरणार. दोनशे लिटरची तेहतीस पिंपे! ती आम्ही एका बाईच्या मागल्या दारात ओतणार होतो. हा आकडा आत्याला सांगितला तेव्हा ती प्रथमच गप्प झाली.

मधल्या काळात आतेभावाने मला स्कूटरवर बसवून अरण्य वसाहत दाखविली. शहरात गेलो की राजवाडा आणि सराफा पाहायचा, ही पाहुण्यांची रीत. पण ज्याला लहान जागेत बांधायचे आहे त्याने अरण्य पाहावे. इंदूर विकास प्राधिकरणासाठी ही वसाहत वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांच्या वास्तु-शिल्प फाउंडेशनने आखली आणि १९८९ मध्ये ती आकाराला आली. दोशी जन्माने पुण्याचे (१९२७), घरचा व्यवसाय लाकडी सामानाचा. पुढे पॅरिसला ल कॉर्ब्युझिए यांच्या हाताखाली काम करून ते अहमदाबादला स्थायिक झाले. २०१८ मध्ये प्रित्झ्कर पारितोषिक मिळविणारे ते पहिले भारतीय. २०२३ मध्ये ते वारले. अरण्य वसाहतीला १९९५ मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

सुमारे ८५ हेक्टर जमीन, साडेसहा हजारांच्या आसपास भूखंड आणि त्यांतले बहुसंख्य गरीब कुटुंबांसाठी. सर्वांत लहान भूखंड ३५ चौरस मीटरचा, म्हणजे ३७७ चौरस फूट. आत्याचा भूखंड याच्या अडीचपटीहून मोठा आहे आणि तरी आमचे रडगाणे चालू होते! गरिबाला तयार घर न देता भूखंडाबरोबर एक जोते, संडास-न्हाणी व पाण्याची सोय आणि एक खोली एवढेच दिले. उरलेले त्याने जसा पैसा येईल तसे वाढवावे. पहिला हप्ता कुटुंबाची सरासरी मिळकत पाहून ठरविलेला, बाकीची रक्कम मासिक हप्त्यांनी. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला ही कल्पना फार आवडण्यासारखी आहे. भांडवल एकदम गुंतवायचे नाही, उत्पन्नाबरोबर इमारत वाढवायची. वीट, दगड की काँक्रीट हे घरवाल्याने ठरवायचे. कसे वाढविता येईल हे कळावे म्हणून दोशींनी ऐंशी नमुन्याची घरे बांधून दाखविली.

मला दोन गोष्टी विशेष वाटल्या. एक, दहा-दहा घरांचा पुंजका आणि प्रत्येक घराच्या मागे अंगण. उघडी जागा प्रत्येकाच्या पाठीशी आहे, म्हणजे पुन्हा तोच हवेच्या गल्लीचा हिशेब. फक्त इथे तो आधीच करून ठेवलेला. दुसरी गोष्ट रस्त्याकडची. घर आणि रस्ता यांच्या मध्ये अर्ध्या मीटरची पट्टी ठेवली आणि तिच्यात पायऱ्या, ओटा, सज्जा, उघडा जिना यांना मोकळीक दिली. माणसे ओटा बांधणारच, मग तो कुठे बांधावा हे आधी सांगून टाका. असा नियम मी पहिल्यांदाच पाहिला. आपल्याला नियम म्हटला की काय करू नये तेवढेच ऐकायची सवय असते.

आज तिथे गेल्यावर मूळचे सारे तसेच दिसते असे मात्र नाही. पुष्कळ घरे दोन-तीन मजली झाली आहेत, कित्येक ओटे शटरच्या आत गेले आहेत. मूळच्या गरीब कुटुंबांपैकी अनेकांनी भूखंड विकले. वाढत्या शहरात गरिबाच्या हातात चांगली जागा टिकणे कठीण, ते कोणत्याही नकाशाने साधत नाही.

याच इंदूरचा शंभर वर्षांपूर्वी एका परक्या माणसाने पायी फिरून अभ्यास केला होता. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबारासाठी केलेला नगररचनेचा अहवाल १९१८ मध्ये दोन भागांत छापला गेला. जुन्या गल्ल्या सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्याला त्यांचा विरोध असे. कमीत कमी पाडावे आणि घरामागे, गल्लीच्या कोपऱ्यात जी रिकामी जागा असेल ती बागेसाठी वापरावी, असे त्यांचे मत. हेच गेडिस पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. परसाला किंमत देणारे ते मला भेटलेले पहिले पंडित, अर्थात पुस्तकातून.

घरी आल्यावर मामांनी खाटेवरून विचारले, “काय पाहिलंत?” मी सांगत गेलो तसे त्यांनी उशीखालून मंजूर नकाशा काढला. मुनिमाची नजर! म्हणाले, “अरे, मागे दहा फूट आहेत ना? भिंतीकडचे पाच सोडायचे आहेत. मग घराकडचे पाच कोणाचे?”

तेच उत्तर होते. शेड कुंपणभिंतीला न टेकविता घराच्या पाठीला टेकवायची. रुंदी वीस फूट, त्यातले मागच्या दारासाठी सहा फूट सोडले तर चौदा बाय पाच, म्हणजे ७० चौरस फूट मिळतात. पहिली शेड ८० ची होती. साऱ्या भांडणात दहा चौरस फुटांचाच काय तो फरक! अर्थात नकाशाबाहेरची वाढ ती वाढच, म्हणून या वेळी नोंदणीकृत इंजिनिअरकडून सुधारित नकाशा काढून कचेरीत दिला आणि मंजुरी हातात आल्यावरच काम धरले. सुट्टी संपून मी बेळगावला परतलो होतो. पुढचे काम दिवाळीत येऊन पाहिले, मधले टेलिफोनवर.

पाच फूट खोलीत मशिन बसेल का, हा आत्याचा प्रश्न रास्त होता. यावर आम्ही जूनमध्येच एक युक्ती केली होती, ती सर्वांना उपयोगी पडेल. परसात रांगोळीने शेड पूर्ण मापाने आखली. तिच्यात मशिने खरोखर नेऊन ठेवली. एकेका मशिनला चार फूट लांबी आणि दीड फूट खोली लागते. बसणाऱ्याला आणखी दोन फूट. साडेतीन फूट झाले, मागून जायला दीड फूट उरला. दोन मशिने एका रांगेत आठ फूट घेतात. राहिलेल्या सहा फुटांत कापणीचे टेबल ठेवले तर वाट अडते, म्हणून भिंतीला बिजागरीने जोडलेली फळी, काम झाले की खाली पाडायची. आत्या रांगोळीच्या खोलीत बसून अर्धा तास शिवण करीत होती आणि काकी भिंतीवरून पाहत होत्या. अबोला तिथे सुटला.

पाया हा स्वतंत्र विषय आहे. माळव्याची माती काळी, कापसाची. पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हातभर भेगा पडतात. जड इमारत तिला दाबून तरी ठेवते; हलक्या शेडची फरशी ती सरळ उचलते. पहिल्या वेळी वेल्डिंगवाल्याने काळ्या मातीवरच तीन इंच काँक्रीट ओतले होते. त्याला पहिल्याच पावसाळ्यात आडवी तड गेली. दुसऱ्या वेळी गवंड्याने आधी काळी माती उकरून काढली, मुरूम थराथराने पाणी मारून धुमसला, मग जोते घातले आणि खांबांचे खड्डे चांगले खोल घेतले. आपल्याकडे तांबडी माती असेल त्यांना एवढे करावे लागणार नाही. पण बेळगावच्या पूर्वेला काळ्या रानात बांधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

छपराचा उतार घराकडून परसाकडे. कडेला पन्हाळ, पन्हाळीचे तोंड पिंपात, पिंप भरले की पाणी आपल्याच नाल्यात. उन्हाळ्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखाली माणूस भाजून निघतो. त्यासाठी पत्र्यावर चुन्याची पांढरी पुताई केली, खाली बांबूच्या चटईचे छत दिले आणि दोहोंमध्ये वीतभर हवा खेळती ठेवली. वरच्या बाजूला जाळी. एक पत्रा उजेडासाठी पारदर्शक घातला. एवढे करूनही आत्याच्या स्वयंपाकघराची खिडकी आता शेडमध्ये उघडते आणि तिथला उजेड कमी झाला, तो झालाच. काकींचा अंधार गेला, थोडा आमच्याकडे आला.

आता वही. पहिली शेड : पाइप व पत्रे १७,५०० रुपये, फरशी ६५००, मजुरी ७०००, एकूण ३१,०००. पाडायची मजुरी २५००. सोडविलेल्या सामानापैकी १३,००० रुपयांचे पुन्हा कामी आले. दुसऱ्या शेडला रोख लागले २७,५०० : नवे सामान ५०००, मुरूम व जोते ९०००, मजुरी ७५००, नकाशा व शुल्क ६०००. खिशातून एकूण गेले ६१,०००. हेच काम पहिल्याच वेळी बरोबर झाले असते तर ४०,५०० रुपयांत झाले असते. फरक २०,५०० रुपयांचा. आत्या एका साडीच्या फॉल-पिकोचे सत्तर रुपये घेते. दोऱ्याचा खर्च न धरताही हे २९३ साड्यांचे काम झाले. नट-बोल्टचे सामान निदान १३,००० चे परत मिळाले, एवढ्यापुरता वेल्डिंगवाला खरा ठरला. विटांची भिंत असती तर तेही नाही.

ही रक्कम कोणत्या खाती घालावी यावर माझा आणि मामांचा मतभेद आहे. मी म्हणतो, पाडापाडीचे २०,५०० सरळ तोट्यात लिहावेत, शेडच्या किमतीत मिळवू नयेत. मामा म्हणतात, शिक्षणाच्या खाती लिही.

दिवाळीत मी पोचलो तेव्हा मशिने मागे गेली होती आणि मामा दुपारी दोन तास झोपत होते. मागच्या पाच फुटांच्या पट्टीत पिंपाच्या ओलीवर आत्याने अळू लावले आहे. घरगुती विजेच्या मीटरवर शिवणाची मशिने चालतात की वेगळी जोडणी घ्यावी लागते, याची चौकशी आतेभावाने अजून केलेली नाही. त्याला दर आठवड्याला टेलिफोनवर मी तेच विचारतो.